पणजीचं माहेर कुठलं?

पनवेलमध्ये आज सर्वांत जास्त वंशावळी लिहिल्या जातात त्या तहसील कचेरीच्या आसपासच्या टायपिंगच्या टेबलांवर. वर 'मूळ पुरुष', त्याच्याखाली उभी रेघ, मग आडवी, मग मुलगे, नातू, आणि नावांपुढे कंसात 'मयत' किंवा 'हयत'. खाली प्रतिज्ञापत्राचा मजकूर, सह्या, अंगठे. ही वंशावळ हौसेनं काढलेली नसते. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली. ज्याच्या नावावर जमीन होती तो आजोबा केव्हाच गेला, त्याचे मुलगे गेले, आणि एका सातबाऱ्याला आता तीस-चाळीस वारस लागतात. कोण कुणाचा कोण, हे सिद्ध करायलाच हवं.

आपल्या घराण्याचा माग काढणाऱ्यानं सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी धरावी, असं मला या खटपटीत पडल्यापासून पक्कं वाटतं. वंशावळ गरजेपोटी लिहिली जाते. कुणाला वतन टिकवायचं होतं, कुणाला श्राद्ध घालायचं होतं, कुणाला जातीचा दाखला हवा होता, कुणाला भूखंड. ज्या पूर्वजाची त्या कामाला गरज नव्हती तो रेघेबाहेर राहिला. म्हणून पूर्वजांविषयी खरं आश्चर्य सहसा वंशावळीत सापडत नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी कागदात, कोपऱ्यात, भलत्याच कारणानं नोंदलेलं असतं.

माझ्या घरचंच सांगतो. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं, खारजमिनीचं. वडिलांच्या बाजूनं सहा पिढ्यांचे पुरुष मला तोंडपाठ होते, कारण भाऊबंदकीच्या दाव्यात ते इतक्या वेळा म्हणावे लागले होते. पणजोबांच्या पिढीचा फेरफार काढला तेव्हा बोरूच्या टाकानं लिहिलेल्या त्या पिवळ्या पानावर आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं, आणि त्यापुढे 'अ. पा. क. आई' म्हणून एका बाईचं नाव. अज्ञान पालनकर्ती. म्हणजे पणजोबा मुलं लहान असतानाच गेले होते आणि जमिनीचा कारभार काही वर्षं या बाईनं केला होता. त्याच पानाच्या कडेला तिची निशाणी: डाव्या हाताचा अंगठा, शाई पसरलेली. घरात कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. पणजोबा म्हातारे होऊन गेले असते, तर ते नाव कधीच कागदावर आलं नसतं.

जुन्या महसुली कागदांत अशी आद्याक्षरं पावलोपावली भेटतात आणि ती वाचता आली पाहिजेत. 'अ. पा. क.' दिसलं की घरात अकाली मृत्यू झाला होता असं समजावं. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं आणि त्याच्या पाठीमागे तीन-चार भाऊ उभे असतात, जे पुढच्या पिढीला माहीतच नसतात. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, वारसांची नोंदवही सहा-क, जन्म-मृत्यूची चौदा. या शेवटच्या वहीला गावोगावी कोतवाल बुक म्हणतात. सातबाऱ्यावर आज कोण आहे ते कळतं. तो तिथे कसा आला, कुणाच्या मागून आला, हे फेरफारात असतं. त्यामुळे सातबारा हातात घेऊन थांबू नये. त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून मागे मागे काढत जावेत.

पनवेलकराला आणखी एक अडचण येते. पनवेल तालुका १८८३पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात गेला, आणि १ जानेवारी १९८१ला कुलाब्याचा रायगड झाला. एकाच गावाचे कागद तीन नावांखाली विखुरलेले आहेत. अलिबागला नाही म्हणून निराश होऊन परतलेल्यांनी ठाण्याकडेही चौकशी करावी. शहरात १८५२पासून नगरपालिका होती (२०१६मध्ये तिची महानगरपालिका झाली), पण गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा माग त्या दप्तरात लागणार नाही.

याहून मागे जायचं तर मोडी यावी लागते, नाहीतर मोडी येणारा माणूस गाठावा लागतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात आणि १८५२च्या इनाम कमिशनच्या कागदांत घराण्यांच्या कैफियती आहेत. इंग्रज सरकारनं विचारलं, हे इनाम तुम्हाला कुणी, कधी, कशाबद्दल दिलं? मग प्रत्येक घराण्यानं आपला मूळ पुरुष, त्याचे वंशज, सनदा, सगळं लिहून दिलं. वतनाच्या तंट्यांतले करीने, म्हणजे पक्षकारांनी सांगितलेल्या हकिकती, याहून जुने. त्यांत दुष्काळात गाव सोडून गेलेला भाऊ, दत्तक, मारामारी, सगळं येतं, आणि वाचताना माणूस हरखून जातो. पण करीना हा दावा जिंकण्यासाठी सांगितलेला असतो, हे विसरता कामा नये. समोरच्या पक्षाचा करीना सापडला तर तो आधी वाचावा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढी लांब वंशकथा दगडावर कोरलेली फारच क्वचित पाहायला मिळते. तीही राजानं आपल्यासाठी लिहवून घेतलेलीच आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या मात्र वेगळ्या. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, हरिद्वार इथे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उपाध्ये आपल्या घराण्याची वही काढतात. त्यात कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या, हे असतं, आणि पुष्कळदा येणाऱ्याची स्वतःच्या हातची सही. ज्या पणजोबाचा फोटोही घरात नाही त्याचं अक्षर समोर येतं तेव्हा हात थरथरतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी समाजाचे लोक बैलावरून गावोगाव येत आणि घराण्याची नावं वाचून दाखवत. कोकणात मी ते पाहिलं नाही.

विसाव्या शतकात छापील कुलवृत्तांतांची मोठी परंपरा मराठीत उभी राहिली. गोत्र, कुलस्वामिनी, शाखा, पिढीचा आकडा, जन्मसाल, शिक्षण, नोकरी. कितीतरी माणसांनी स्वखर्चानं, पत्रांवर पत्रं लिहून ते जमवले आणि त्यांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. त्यांतला 'दत्तक गेले' हा दोन शब्दांचा शेरा मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे एक रेघ तुटते आणि भलत्याच आडनावाच्या पुस्तकात पुन्हा सुरू होते. आपण ज्या आडनावाचा अभिमान बाळगतो ते तीन पिढ्यांपूर्वी घेतलेलं निघतं. पण या पुस्तकांतही सुनेची नोंद माहेरच्या नावाच्या एका ओळीत संपते, आणि लेकीच्या मुलांचा धागा तिथेच सोडून दिलेला असतो. हिशेब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेलं की माणसाच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी वंशावळ त्यांतल्या एका जागेकडे बोट दाखवते.

उरलेल्या हजाराहून अधिक जागांवर कोण असू शकतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण पनवेलमध्येच आहे. इथलं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. ते बांधणारे बेने इस्रायल ज्यू म्हणजे आपल्याकडचे शनिवार तेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. त्यांची कथा अशी की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि सगळा समाज त्या सात जोडप्यांचा. ते कोकणातल्या गावागावांत पांगले आणि गावांची आडनावं झाली. पहिल्या बोलपटाचे, 'आलम आरा'चे, लेखक जोसेफ डेव्हिड हे पेणकर. नट डेव्हिड हे चेऊलकर. दिवेकर आडनावाचे चित्पावन आहेत तसे बेने इस्रायलही आहेत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी बांधलं. त्यामुळे आडनावावरून जात किंवा धर्म ओळखू पाहणाऱ्यानं कोकणात तरी जपून राहावं. आडनाव फार तर गाव सांगतं.

या समाजाला आपल्या पूर्वजांचा जबाब खरोखरीच द्यावा लागला. १९४८नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी सूचना काढल्या की, बेने इस्रायल व्यक्तीचं दुसऱ्या ज्यू समाजात लग्न लावण्याआधी तिची आई, आईची आई, अशी शक्य तितकी मागची पिढी तपासावी. पनवेल, पेण, रोह्याहून गेलेल्या माणसांची कल्पना करा. बापाचं, आजोबाचं, गावाचं नाव त्यांना सांगता येत होतं, कारण आपल्या सगळ्या मुलखाची रीतच ती. विचारलं गेलं ते पणजीचं. या अपमानाविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं.

पणजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यानंतर बावन्न वर्षांनी वेगळ्या दिशेनं आलं. २०१६मध्ये बेने इस्रायलांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा त्यांच्यात खरोखरच आहे. परंपरा सांगत होती ती मूळ गोष्ट खोटी नव्हती. पण भारतीय वारसाही तितकाच भरभक्कम निघाला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांतलं, आणि त्यात ज्यू वारसा पुरुषांकडून जास्त, तर स्थानिक वारसा बायकांकडून जास्त आलेला. म्हणजे कथेतल्या सात बायकांच्या जागी, निदान बऱ्याच अंशी, कोकणातल्याच बायका होत्या.

मला हे वाचून धक्का बसला तो एका जुन्या भेदाच्या आठवणीनं. या समाजात पूर्वी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन थर होते. समाजाबाहेरच्या बाईपासून झालेली संतती काळी मानली जायची, आणि गोरे त्यांच्याशी बेटीव्यवहार करत नसत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७मध्ये तेल अवीवमध्ये छापलेल्या या समाजाच्या इतिहासात त्याची दखल आहे. ज्या आईवरून माणसं एकमेकांना कमी लेखत होती, ती आई दोघांच्याही मुळाशी होती. आणि तिनं मागे काही ठेवलं नाही असं कोण म्हणेल? घरातलं मराठी तिचं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं करतात त्या मलिद्याच्या ताटातले गूळपोहे आणि ओलं खोबरं मला तरी तिच्याच हातचे वाटतात. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघावं, यात माय हा शब्द उगाच आलेला नाही.

जनुकांच्या चाचणीविषयी इथे थोडं थांबायला हवं, कारण नळीत थुंकून पाठवली की पूर्वज कळतात, असा समज वाढतो आहे. वरचा अभ्यास समाजातल्या अनेकांचे नमुने एकत्र घेऊन झाला. एकट्या माणसाच्या चाचणीत पुरुषाचं वाय गुणसूत्र वडील, त्यांचे वडील अशा एकाच धाग्याचं असतं, आईकडून येणारं मायटोकॉन्ड्रियाचं द्रव्य आई, आजी, पणजी अशा एकाच धाग्याचं, आणि बाकीचं मिश्रण पिढ्यांमागे इतकं विरळ होतं की दहा पिढ्यांपलीकडच्या पुष्कळ पूर्वजांचा अंशही आपल्यात उरलेला नसतो. कंपनी जे टक्के देते ते तिच्याकडे कुणाचे नमुने आहेत यावर ठरतात. पणजीचं नाव आणि गाव चाचणीतून मिळत नाही.

गोव्यात तर एकच घर दोन धर्मांत वाहत गेलेलं दिसतं. बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि कोमुनिदादींचे, म्हणजे गावकऱ्यांच्या संस्थांचे, कागद चाळताना कॅथलिक कुटुंबाला धर्मांतरापूर्वीचे प्रभू, कामत, नाईक भेटतात. त्याच काळात दुसरी शाखा देव घेऊन नदीपलीकडे गेलेली असते. कुशस्थळीचा मंगेश १५६०मध्ये प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. म्हणून कागद संपला की कुलदैवत विचारावं. आमच्या भागातल्या आगरी, कोळी आणि सीकेपी घरांची एकच एकवीरा, कार्ल्याची. जत्रेत शेजारी शेजारी उभे राहणारे हे लोक एकमेकांच्या वंशावळीत नाहीत, पण पायवाट एकच आहे.

मॉरिशसच्या मराठी माणसांचं उलटं आहे. १८३४पासून करारावर गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसं होती. इथल्या घरात ती 'परागंदा' म्हणून संपली. तिकडे मात्र वसाहतीच्या वहीत त्यांचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव लिहिलं गेलं, आणि पुढच्या काळात फोटोही काढले गेले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर जपलेलं आहे. कोकणातल्या गरीब माणसाचा एकोणिसाव्या शतकातला चेहरा पाहायचा तर समुद्र ओलांडून जावं लागतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत पूर्वज शोधण्याचं काम महाराष्ट्रात घराघरांत पोचलं ते कुणबी नोंदींमुळे. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यांच्या पहिल्या अहवालात मराठवाड्यातले पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून ११,५३० नोंदी निघाल्या. जानेवारी २०२४पर्यंत राज्यभरातल्या नोंदींचा आकडा ५४ लाखांवर गेला. आरक्षणाचा वाद माझा इथला विषय नाही. पण खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, शाळेची प्रवेश-निर्गम वही ही नावं पारावर बोलली जाऊ लागली, आणि मोडी वाचणाऱ्यांना दारी बोलावणी येऊ लागली, हे मोठंच झालं. लाखो पानं यानिमित्तानं स्कॅन झाली. ती फक्त एका शब्दासाठी चाळून बंद होऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच पानांवर कुणाच्या मृत्यूचं कारण आहे, कुणाचं वय आहे, कुणाच्या मुलीचं नाव आहे.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांचं दुःख मात्र मोठं आहे. जातपडताळणीला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा विचारतात, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या. पनवेलच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांतल्या कातकऱ्यानं १९५०च्या आधीचं काय दाखवावं? जमीन नाही म्हणून फेरफार नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. रोजगारासाठी सालोसाल वीटभट्टीवर जाणाऱ्याच्या मुलाचा जन्म भट्टीवरच होतो. पूर्वाश्रमीच्या महारांना निदान पलटणीनं नोंदलं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यांत महारांच्या नावांना लागणारा 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस. कुणाचा तरी खापरपणजोबा तिथे दगडावर आहे. आंबेडकरांचं घराणं सकपाळांचं, आणि आडनावात आंबडवे गाव आहे. बाकीच्यांचं काम मराठीत आत्मकथनांनी केलं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'चं नावच बापाच्या नावाच्या प्रश्नातून आलेलं आहे. मी ही पुस्तकं कुलवृत्तांतांच्या शेजारी ठेवतो.

बायकांचा माग काढायचा तर दोन वाटा मला उपयोगी पडल्या. एक अनपेक्षित, महालयाची. पितृपक्षातल्या त्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी, आईचे आईवडील, शिवाय आत्या, मावशी, बहीण, सगळ्यांची नावं घ्यायची असतात. घरातल्या जुन्या वहीत भटजींसाठी लिहून ठेवलेली ही यादी कुठे सापडली तर ती सोन्याच्या मोलाची. दुसरी हक्कसोडपत्रांची. महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, आणि जमिनीला भाव आलेल्या आमच्या भागात प्रत्येक आत्या, प्रत्येक आत्याची लेक वंशावळीत लिहावी लागली. पुष्कळजणी सही करून हक्क सोडतात, कधी मनानं, कधी दडपणाखाली. पण नाव आता कागदावर राहतं, सासरच्या पत्त्यासकट.

माझ्या पणजीला यातलं काहीच लागू नव्हतं. तिचं माहेर एका ओवीत सापडलं. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी आपलं गाव, भाऊ, बाप यांची नावं पेरून ठेवली आहेत. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या ओव्या कुणी गोळा केल्या नव्हत्या. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला मी ते अंगठ्याचं पान दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं अंगठ्यावर बोट ठेवलं आणि बऱ्याच वेळानं तिच्या आजीकडून ऐकलेली एक ओवी म्हटली. तिच्यात भाऊ होडीतून न्यायला येतो, आणि ज्या गावाहून येतो ते गाव धरमतरच्या खाडीकडचं, पेण तालुक्यातलं आहे. आत्याला ते गावाचं नाव आहे हेही माहीत नव्हतं. तिच्यासाठी तो ओवीतला शब्द होता.

पेणला त्या गावाच्या सहा-क आणि चौदा नंबरच्या वह्यांच्या नकलांसाठी अर्ज दिला आहे. पणजीच्या बापाचं नाव मला माहीत नाही. अर्जात 'कोणाच्या नावे' या रकान्यात मी तिचंच नाव लिहिलं.